शंभर फुटीवरचं ‘हेल्थ फूड’चं दुकान : पाकीट उलटं करून बघा, मग पैसे द्या

नाव देत नाय दुकानाचं. एक तर जाहिरात वाटायला नको, आणि खाली त्यांच्याच रॅकवरच्या काही वस्तूंची मी चांगलीच खेचणार आहे, उगा त्यांच्या धंद्यावर यायला नको. सांगलीत शंभर फुटी रोडला आहे एवढं सांगतो, ज्यांना माहितेय त्यांना कळलंच. आत गेलं की डाव्या हाताला व्हे प्रोटीनचे मोठाले डबे, मधल्या रॅकवर मिलेटचं सगळं म्हणजे नूडल्स, पास्ता, कुकी, खाकरा, मग ते डायबेटिकवाले आटे, पलीकडं गमी (म्हणजे जेलीच्या गोळीसारख्या चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या), कोलॅजन, मशरूम कॉफी, ओमेगा, आणि कोपऱ्यात काचेचा फ्रीज, त्यात प्रोबायोटिकच्या म्हणजे पोटाला चांगल्या जिवंत जिवाणूंच्या बारक्या बाटल्या आणि कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला चहा. सांगलीत कोम्बुचा खपेल असं काही वर्षांमागं कुणी म्हणलं असतं तर कट्ट्यावर त्याला वेड्यात काढलं असतं. आता कॉलेजची पोरं येतात, दोन बाटल्या घेतात आणि बाहेर जाऊन वडापाव खातात.

दुकान नवरा-बायको चालवतात. मॅडमचं शिक्षण फूड टेक्नॉलॉजीचं, त्यांच्याशी बोललात तर खरंच फायदा आहे. दादा बिलाला बसतात आणि त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच, ‘एक नंबर आहे, घ्या.’ त्यामुळं दादांना विचारू नका.

मी आधीच सांगतो, असल्या मालाचा मी भक्त पण नाय आणि शत्रू पण नाय. माझा प्रश्न एकच असतो, किती? हळदयुक्त म्हणजे हळद किती, हाय प्रोटीन म्हणजे किती ग्रॅम आणि कशाच्या किती ग्रॅमला, प्रोबायोटिक म्हणजे जिवाणू कुठला आणि किती. पाकिटाच्या पुढं सगळी विशेषणं असतात, मागं बारीक अक्षरात आकडे असतात, आणि जिथं मागं पण आकडा नाय ती वस्तू मी गपचूप परत ठेवतो. ह्या दुकानाची पहिली चांगली गोष्ट म्हणजे तुम्ही दहा मिनिटं पाकीट उलटंपालटं करत उभं राहिलात तरी कुणी ‘काय पाहिजे साहेब’ म्हणून डोक्यावर येऊन उभं राहत नाय.

फंक्शनल फूड, म्हणजे पोट भरण्यापलीकडं तब्येतीला काहीतरी फायदा सांगणारं खाणं, हा प्रकार मूळचा जपानचा. तिथं १९९१ पासून सरकार असल्या पदार्थांना मान्यता देतं, कंपनीनं पुरावा दाखवला तरच पाकिटावर हे अमक्यासाठी चांगलं असं छापायचं. आपल्याकडं एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याचे, न्यूट्रास्युटिकलचे (असल्या आरोग्याच्या खाण्याचे) नियम २०१६ मध्ये आले आणि २०१८ पासून लागू झाले. हेल्थ सप्लिमेंटच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे लिहिणं बंधनकारक आहे. प्रत्येक डब्यावर असतं बघा, फक्त ते वाचायला चष्मा लागतो.

आता हळद. इथं मी जरा जास्त बोलणार, कारण वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, संध्याकाळी घरी आल्यावर शर्ट झटकला तरी पिवळा धुरळा उडायचा. राजापुरीचा सौदा, पॉलिश केलेलं हळकुंड, गड्डा, हरिपूरची पेवं म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, हे सगळं ऐकत आम्ही मोठे झालो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. त्याच गावात मला कुणीतरी ‘गोल्डन लाटे’चं म्हणजे हळदीच्या दुधाचं सॅशे विकायला बघतंय म्हणल्यावर हात आपोआप पाकीट उलटं करायला गेला.

डबा साडेचारशेचा, आत १५ सॅशे, प्रत्येक १० ग्रॅमचं. मागं घटक क्रमानं दिलेत, आधी साखर, मग दूध पावडर, मग माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर), मग वेलची सुंठ वगैरे, आणि हळद २ टक्के. म्हणजे एका सॅशेत हळद २०० मिलिग्रॅम. आता हळदीतलं कामाचं म्हणून ज्याचा गवगवा आहे ते कुरकुमिन, ते साधारण शंभर ग्रॅम हळदीत तीनेक ग्रॅम असतं (मेघालयातल्या लाकाडोंग हळदीत सात टक्क्यांच्या आसपास, पण ती गोष्ट वेगळी). त्या हिशोबानं सॅशेत कुरकुमिन आलं सहा मिलिग्रॅम. घरी पातेल्यात चहाचा चमचाभर हळद टाकली तर ती तीन ग्रॅम भरते, त्यात नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास कुरकुमिन. म्हणजे अख्खा डबा पिऊन संपवला तेव्हा कुठं तुमची एक चमचा हळद पोटात गेली. साडेचारशे रुपयाला एक चमचा, आणि ते पण सांगलीत! अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. चवीला वाईट नाय, गोड दूध म्हणून प्यायचं तर प्या, पण इम्युनिटी बिम्युनिटी त्यात शोधू नका.

त्याच्याच शेजारी कॅप्सूल आहेत आणि तिथं मात्र आकडा आहे. ५०० मिलिग्रॅम अर्क, ९५ टक्के कुरकुमिनॉइड (कुरकुमिन आणि त्याची भावंडं), म्हणजे ४७५ मिलिग्रॅम, सोबत ५ मिलिग्रॅम पिपेरिन. पिपेरिन म्हणजे काळ्या मिरीतला तिखटपणा. ते का घालतात, तर कुरकुमिन पाण्यात विरघळत नाय, आतड्यातनं अंगात जातं ते थोडंसंच आणि जे जातं ते पण लिव्हर पटकन बाहेर काढून टाकतं. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजचा १९९८ चा अभ्यास आहे, दोन ग्रॅम कुरकुमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं तर रक्तातलं प्रमाण २००० टक्क्यांनी म्हणजे वीस पटीनं वाढलं. मोजकीच निरोगी माणसं होती त्यात, पण तो आकडा आज जगभरच्या डब्यांवर मिरवतोय. त्याच्या पुढची पायरी म्हणजे थेंबाची बाटली, ‘नॅनो’ लिहिलेली, ह्यात कुरकुमिन तेलाच्या इतक्या बारीक थेंबात कोंडतात की ते पाण्यात मिसळतं. दुसरा प्रकार फायटोसोम, त्यात लेसिथिन नावाच्या स्निग्ध पदार्थाबरोबर बांधतात. टेक्नॉलॉजी खोटी नाय, शोषण खरंच वाढतं.

पण शोषण वाढतं म्हणून ती गोष्ट साधी हळद राहत नाय, हे कुणी सांगत नाय. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आल्याच्या केसेस आल्या आणि तिथल्या सरकारनं इशारा दिला, ऑस्ट्रेलियाच्या औषध खात्यानं पण २०२३ मध्ये लिव्हरबद्दल सावध केलंय. त्यातल्या त्यात शोषण वाढवलेले आणि जास्त डोसचे प्रकार जपून घ्या असा एकूण सूर. ‘अहो घरचीच तर हळद’ असं म्हणून ह्या गोळ्या खायच्या नाहीत.

आणि इथं मॅडमना मार्क द्यायला पाहिजेत. माझ्यासमोर एक वयस्कर काका थेंबाची बाटली घेऊन काउंटरवर आले, गुडघ्यासाठी पाहिजे म्हणे, व्हॉट्सअॅपवर आलं होतं. दादा स्कॅन करायच्या बेतात, तेवढ्यात मॅडमनी मागनं विचारलं, ‘काका, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का तुम्हाला?’ काका म्हणले हो, स्टेंट बसवलाय की. मॅडमनी बाटली उचलली आणि परत रॅकवर. ‘डॉक्टरांना विचारून या, हो म्हणले तर मी ठेवते तुमच्यासाठी.’ दादांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, साडेनऊशेचं बिल गेलं ना. असं दुकान मला पटतं.

मिलेटचा रॅक मात्र निम्मा काढून टाकावा असा आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तेव्हापासनं जे मैद्याचं होतं ते सगळं मिलेटचं झालं. ज्वारी नूडल्स घेतल्या, पुढं ज्वारीचं डौलदार कणीस, मागं पहिला घटक गव्हाचं पीठ, ज्वारी २२ टक्के. नियमच आहे की घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे आणि जे पुढं मिरवायचं त्याची टक्केवारी द्यायची, त्यामुळं कंपनी खोटं बोलत नाय, आपणच पुढची बाजू वाचून घरी येतो. पाव किलोला नव्वद रुपये. तेवढ्यात जत-आटपाडीकडची चांगली शाळू सव्वा-दीड किलो येते. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅम प्रोटीन आणि दहा ग्रॅम फायबर, मैद्यात प्रोटीन तेवढंच पण फायबर जेमतेम पावणेतीन ग्रॅम, म्हणजे ज्वारीचा खरा मुद्दा फायबरचा, आणि तोच नूडल्स करताना पातळ करून टाकलाय. आईनं एक घास खाल्ला आणि म्हणली, ‘ह्याला शेवया म्हणायचं का भाकरी, आधी ठरवा.’ ताट बाजूला.

नाचणी कुकीत दुसऱ्या नंबरला साखर. पुढं.

पण त्याच रॅकच्या खालच्या कप्प्यात, जिथं वाकून बघावं लागतं तिथं, नाचणी सत्त्व आहे. मोड आणून, वाळवून, भाजून दळलेलं, साखर नाय, कोको नाय, रंग नाय, घटकात एकच शब्द. माझ्या मते अख्ख्या दुकानातली ही सगळ्यात चांगली वस्तू आहे आणि तिला सगळ्यात वाईट जागा दिलीय. नाचणीत शंभर ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या दुधात ११८ च्या आसपास. धान्यातलं फायटिक अॅसिड हे कॅल्शियम, लोह धरून ठेवतं, मोड आणले की ते कमी होतं आणि अंगी लागायला सोपं जातं. म्हणजे आपल्या आज्ज्या बाळाला जे भरवत होत्या ते पण टेक्नॉलॉजीच होती, फक्त त्याला कुणी स्टार्टअप म्हणत नव्हतं. पाव किलोला सव्वाशे, घरी करायला वेळ नसेल तर योग्य भाव. ताकात कालवून मीठ-जिरं घालून प्या, उन्हाळ्यात भारी लागतं.

डायबेटिक आट्यावर लोकांचे सारखे प्रश्न असतात म्हणून सांगतो. पाकिटावर ‘लो जीआय’ लिहिलंय. हा जीआय हळदीचा नव्हे, हा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते त्याचा आकडा. तो ५५ किंवा खाली असेल तर लो, ७० च्या वर हाय. हे मोजायची रीतसर पद्धत आहे, किमान दहा माणसांना ५० ग्रॅम कर्बोदकं जातील एवढा पदार्थ खायला देऊन दोन तास रक्त तपासायचं आणि ग्लुकोजशी तुलना करायची. म्हणून पाकिटावर नुसतं ‘लो जीआय’ नको, आकडा पाहिजे. इथल्या तीन ब्रँडपैकी एकावरच होता, तोच घेतला. घटक बघितले तर गहू, हरभरा, सोया, इसबगोल, मेथी. पोळी जरा चामट होते, गरम असतानाच खायची. आईचं ग्लुकोमीटर घरातच असल्यामुळं जेवणानंतरचा आकडा नेहमीच्या पोळीपेक्षा थोडा कमी आला हे दिसलं, पण मग आईसाहेबांनी ‘शुगरचाच आटा आहे की’ म्हणून दोनाच्या जागी तीन पोळ्या खायला चालू केल्या आणि आकडा होता तिथं आला. एका बाईच्या बोटाचा आकडा म्हणजे काय शास्त्र नव्हे, पण हा जो प्रकार आहे ना, तो घरोघरी होत असणार. आता मी गिरणीत गव्हाबरोबर हरभरा आणि थोडं सोयाबीन देऊन दळून आणतो, मळताना इसबगोल टाकतो, निम्म्या पैशात काम होतं. ज्यांना गिरणीत जायचा कंटाळा त्यांनी आकडा असलेला आटा घ्यावा, काही हरकत नाय.

शुगर फ्री चॉकलेटात साखरेऐवजी गोडीला माल्टिटॉल असतं. दोन तुकडे ठीक. जास्त खाल्लं तर पोट काय बोलतंय ते शेजाऱ्याला पण ऐकू जातं. आणि एक लक्षात ठेवा, ‘नो अॅडेड शुगर’ लिहून आत माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर ते साखरेइतकंच, कधी साखरेपेक्षा पण जास्त रक्तातली साखर चढवतं.

प्रोटीनचा विषय निघाला की आमच्या भाच्याचं नाव येणारच. जिमला लागून काही महिने झाले, ट्रेनरनं सांगितलं मामा पाच हजाराचा डबा घ्या. आधी हिशोब केला. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीनं मोठ्या माणसाला रोज वजनाच्या किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे साठ किलोच्या पोराला पन्नास ग्रॅम. व्यायाम करतोय म्हणून थोडं जास्त धरा. घरात अंडी, डाळ, दूध, शेंगदाणे आहेत, सोया चंक्समध्ये तर शंभर ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रोटीन आहे. आयसीएमआर आणि तिची पोषण संस्था एनआयएन यांच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्ये बॉडी बनवायला प्रोटीन पावडर टाळा असंच लिहिलंय. तरी पण पोरगं हट्टाला पेटलेलं, मग दुकानात घेऊन गेलो.

व्हे म्हणजे चीज करताना उरलेलं पाणी. परदेशात पूर्वी ते ओतून द्यायचे नाहीतर डुकरांना घालायचे, मग बारीक छिद्रांच्या मेंब्रेनमधनं गाळायचं तंत्र आलं आणि त्याच पाण्याचं सोनं झालं. कॉन्सन्ट्रेटमध्ये साधारण ७० ते ८० टक्के प्रोटीन आणि थोडं लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर राहते, आयसोलेटमध्ये ९० च्या आसपास आणि लॅक्टोज नावाला. दूध पचत नसेल त्यानं आयसोलेट बघावं, बाकीच्यांनी जास्तीचे पैसे कशाला घालायचे. स्कूप ३३ ग्रॅमचा आणि प्रोटीन २४ ग्रॅम, असा हिशोब बसला तर ठीक. घटकात वेगळं ग्लायसिन, टॉरिन (सुटी अमिनो आम्लं) लिहिलेलं दिसलं तर सावध व्हा, कारण लॅबमध्ये प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून गुणतात, आणि स्वस्तातलं ग्लायसिन घातलं की नायट्रोजन वाढतो, आकडा फुगतो. केरळच्या डॉक्टरांच्या एका गटानं २०२४ मध्ये आपल्याकडच्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, त्यातल्या जवळजवळ सत्तर टक्क्यांत लेबल एक आणि आत दुसरं निघालं. मॅडमनी आपणहून बॅचचा लॅब रिपोर्ट मोबाइलवर दाखवला, एका ब्रँडचा नव्हता तर ‘ह्याचा नाहीये माझ्याकडं’ असं सरळ सांगितलं. शेवटी एक किलोचा साधा कॉन्सन्ट्रेट घेतला. भाचा नाराज, कारण डब्यावर शेर नव्हता.

तिथंच ‘प्रोटीन भडंग’ दिसलं. सांगलीकर माणूस, भडंग म्हणल्यावर हात जाणारच. शंभर ग्रॅमला २१ ग्रॅम प्रोटीन, आकडा छापलेला, चांगली गोष्ट. पण चुरमुऱ्याच्या जागी निम्मे सोया क्रिस्प टाकलेत आणि ते दाताखाली थर्माकोल चावल्यासारखं लागतं. मसाला त्याला धरत नाय, सगळा तळाला. लसणाचा वास आहे, चव नाय. एवढंच करायचं होतं तर साध्या भडंगात शेंगदाणे दुप्पट घालायचे, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतंच की. पाकीट फोडलंय, संपवायला कुणी तयार नाय, ज्याला पाहिजे त्यानं घेऊन जावं.

थोडं विषयांतर, पण ह्याच विषयातलं. कवठेमहांकाळला माझी आत्या असते, तिनं रेशनच्या तांदळातले पांढरट दाणे निवडून बाजूला काढले होते, प्लास्टिकचा तांदूळ आलाय म्हणून. पाण्यावर तरंगतात म्हणे. ते प्लास्टिक नाय हो, तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी१२ मिसळून यंत्रातनं परत दाण्याच्या आकारात काढलेलं असतं आणि शंभर दाण्याला एक ह्या हिशोबानं साध्या तांदळात मिसळलेलं असतं. किलोला २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह. मार्च २०२४ पर्यंत देशभरात सगळ्या सरकारी योजनांत हाच तांदूळ आला. म्हणजे बघा, शंभर फुटीवर लोक हजार-हजार रुपये देऊन जे शोधतात ते आत्याच्या डब्यात फुकट आलं होतं आणि ती कोंबड्यांना घालत होती. तिला समजावलं, आता खाते, पण अजून पण बोटानं दाबून बघते.

फ्रीजकडं या. प्रोबायोटिक शब्द आता बिस्किटावर पण दिसतो आणि आपल्याला वाटतं काय फेकतायत, भाजलेल्या बिस्किटात जिवाणू कसा जगेल. पण बॅसिलस कोअॅग्युलन्स नावाचा एक प्रकार आहे, तो बीजाणू करून म्हणजे टणक कवचात झोपून राहतो, भट्टीची उष्णता बऱ्यापैकी सोसतो. त्यामुळं बिस्किटावर हे नाव आणि आकडा असेल तर विश्वास ठेवायला जागा आहे, नुसतं ‘लॅक्टो’ काहीतरी लिहिलं असेल तर सोडून द्या. नियमात दिवसाच्या खुराकात किमान दहा कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत. याकुल्टच्या बारक्या बाटलीवर ६५० कोटी असा आकडा आणि जिवाणूचं नाव दोन्ही असतं, असं लिहिलेलं पाहिजे. घरच्या दह्यात पण जिवंत जिवाणू असतात, भरपूर असतात, फक्त कुठले आणि किती ह्याचा हिशोब नसतो, म्हणून त्याला प्रोबायोटिक म्हणून विकता येत नाय. खायला काय हरकत नाय, उलट रोज खा.

माझी तक्रार इथं आहे. एप्रिलात दुपारी लाइट गेलेली, दुकानाला इन्व्हर्टर आहे पण तो फक्त दिव्याला आणि बिलाच्या मशीनला. बाटल्या हाताला कोमट लागत होत्या आणि दादा म्हणतात, ‘काय होत नाय, लगेच फ्रीजला टाका.’ अहो, जिवाणू मेल्यावर फ्रीजला टाकून परत उठतात का. जिवंत माल विकायचा तर आधी फ्रीजला बॅकअप द्या. ह्या एका गोष्टीला मी निम्मे मार्क कापतो.

गमीबद्दल फार लिहीत नाय. एक-एक गमीत दोन-तीन ग्रॅम साखर, उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीतनं घरी आणेपर्यंत सगळ्यांचा एक गोळा होतो, मग डोस कसा मोजायचा, चाकूनं कापून? पोरं गोळ्या समजून जास्त खातात ती भीती वेगळीच. शाकाहारी असाल तर जिलेटिन का पेक्टिन ते बघून घ्या. कोलॅजन पावडर तर गुरांच्या नाहीतर माशाच्या कातडी-हाडातनं येते, श्रावण पाळणाऱ्यांनी आधीच ठरवा, आणि प्रोटीन म्हणून पण ती अर्धवटच, ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल त्यात नसतंच. मशरूम कॉफी प्यायलो, कॉफीच बरी.

ओआरएस नावाची टेट्रा पॅक पूर्वी काउंटरवरच असायची, आता दिसत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं आदेश काढला की डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याप्रमाणे नसेल तर पेयावर ओआरएस हा शब्द वापरायचा नाय. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, सोबत पोटॅशियम आणि सायट्रेट. त्या गोड डब्यांत साखर कितीतरी पटीनं जास्त असायची आणि जुलाब झालेल्या पोराला ते पाजायचं म्हणजे जुलाब वाढवायचंच काम. मेडिकलमधनं पाच-दहा-वीस रुपयाची पुडी आणा, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवा, झालं.

शेवटचा रॅक लोकांना दिसत पण नाय, काउंटरच्या मागं कुलपात असतो. आजाऱ्यांसाठीचे डबे, किडनीवाल्यांसाठी, ट्यूबनं जेवण देतात त्यांच्यासाठी, कॅन्सरवाल्यांसाठी. माझ्या मामांचं मिरजेत डायलिसिस चालतं म्हणून मला हे कळलं. किडनीची पावडर एक नसते, दोन तऱ्हेची असते. डायलिसिस चालू नसलेल्याला प्रोटीन कमी असलेली, आणि डायलिसिस चालू असलेल्याला उलट प्रोटीन जास्त असलेली, कारण डायलिसिसमध्ये प्रोटीन वाहून जातं. पोटॅशियम, फॉस्फरस मात्र दोन्हीत जपून. डबे दिसायला अगदी एकसारखे, फक्त कोपऱ्यात दोन अक्षरांचा फरक. मामी पहिल्यांदा ऑनलाइन मागवणार होत्या, त्याच डब्याचं चित्र बघून. मॅडम चिठ्ठी बघितल्याशिवाय हा डबा देत नाहीत, आणि दिला की झाकणावर मार्करनं ‘डायलिसिस चालू’ असं मोठ्या अक्षरात लिहून देतात. भाव ऑनलाइनपेक्षा पन्नास-साठ रुपये जास्त, पण ते मार्करचे आहेत असं समजा, मला चालतं.

बाकी सोयीचं. दुपारी दोन ते चार बंद. पार्किंग समोर, पण शेजारच्या दुकानदाराला हॉर्न वाजवलेला आवडत नाय. संध्याकाळी सातनंतर जिमची पोरं येतात, तेव्हा मॅडमना बोलायला सवड नसते, सकाळी अकराच्या सुमारास जावा. यूपीआय चालतं, पाचशेच्या वर घरपोच, पण विश्रामबागच्या पलीकडं देत नाहीत. काउंटरखाली एक टोपली असते, एक्सपायरी जवळ आलेला माल निम्म्या किमतीत, त्यातनं प्रोटीन बार आणि नाचणी सत्त्व बिनधास्त घ्या, प्रोबायोटिकचं मात्र काही घेऊ नका, शेवटच्या आठवड्यात त्यातले किती जिवंत असतील ते दादांना पण सांगता यायचं नाय.